कॉम्प्युटर ओरडायला लागला तर: घरच्या मशीनसाठी एका रविवारची कामं

रविवारी दुपारी जेवण होऊन डोळा लागायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन. "अरे, लवकर वर ये. कॉम्प्युटर बोलायला लागलाय."

गेलो तर खरंच बोलत होता. पडदा लालभडक, मधोमध मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, खाली ठळक फोन नंबर. एक बाई इंग्रजीत ठणाणा करत होती की तुमच्या मशीनमध्ये व्हायरस शिरलाय, मशीन बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. काकूंनी स्पीकरवर उशी दाबून धरली होती. काकांच्या हातात मोबाइल, आणि नंबरचे सहा आकडे दाबून झालेले.

मी एस्केपची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरली. पडदाभर पसरलेलं पान लहान झालं. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, यादीत क्रोमवर क्लिक केलं आणि 'एंड टास्क'. बाई गप्प. पुन्हा क्रोम उघडल्यावर त्यानं आधीची पानं परत उघडू का विचारलं, त्याला नाही म्हटलं. झालं एवढंच. व्हायरस नव्हताच. ते एक वेबपान होतं, मोठ्या आवाजाचं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, ही एक गोष्ट काकांना माहीत असती तर माझी झोप वाचली असती.

उरलेले चार आकडे दाबले असते तर पलीकडच्या माणसानं अदबीनं बोलत एखादं रिमोटचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं असतं, 'व्हायरस काढण्याची फी' भरायला नेटबँकिंग उघडायला सांगितलं असतं, आणि काकांच्या डोळ्यांदेखत माऊस आपोआप हलला असता.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतले कॉम्प्युटर मी बारा-तेरा वर्षं बघतोय. मोबदला चहा, दिवाळीला चकल्या. इतक्या वर्षांत एखाद्या महाबिलंदर हॅकरनं बाहेरून कुलूप फोडलंय असं एकदाही दिसलं नाही. दर वेळी घरातल्याच कुणीतरी घाईत, घाबरून किंवा फुकटच्या लोभानं दार उघडलेलं असतं. घाईत माणसाचं डोकं चालत नाही. माझंही चालत नाही, ते पुढे सांगतो. म्हणून शांत डोक्यानं एका रविवारी मशीनची अशी बांधबंदिस्ती करायची की घाईच्या क्षणी चूक झालीच तर ती स्वस्तात सुटावी. खालची कामं त्याच हिशेबानं लावली आहेत. अँटिव्हायरस पहिला का नाही, असं वाटेल. तो येतोच आहे.

आधी विंडोजचं वय बघा

सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात सगळ्यात खाली 'अबाउट'. तिथे विंडोजची आवृत्ती लिहिलेली असते. विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टनं तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवलाय. विंडोज ७ चा तर १४ जानेवारी २०२० लाच. सपोर्ट थांबला म्हणून मशीन बंद पडत नाही, काल चालत होतं तसंच आज चालतं, त्यामुळे लोकांना यात काही धोका आहे हे पटत नाही. पण त्या तारखेनंतर सापडलेली भोकं कुणी बुजवत नाही, आणि ती कुठे आहेत हे चोरांना कळतं.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभर फाइली कुलूपबंद केल्या. तो ज्या भोकातून शिरला त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी 'नंतर करू' म्हणून अपडेट पुढे ढकललं, ते सापडले. महिन्याभरानं, जूनमध्ये, नॉटपेट्या आला. त्यानंही तेच भोक वापरलं आणि त्याचा फटका थेट आपल्या दारात बसला. जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, कारण ते चालवणाऱ्या मेर्स्क समूहाचे कॉम्प्युटर जगभर बसले होते.

तेव्हा विंडोज १० असेल तर पर्याय असे. मशीन साधारण २०१८ नंतरचं असेल तर विंडोज ११ बहुधा फुकटात चढते. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये गेलात की तिथेच कळतं. कधी कधी टीपीएम नावाची सुरक्षा चिप मशीनमध्ये असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोज चढायच्या आधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असते. ती चालू केली की काम होतं. मशीन जुनं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट योजनेत नाव घाला. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर तिचे पैसे पडत नाहीत, आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठिगळं मिळत राहतात. तेही नको असेल आणि मशीनवर फक्त पेपर वाचणं, यूट्यूब आणि मेल एवढंच होत असेल, तर विंडोजच्या जागी फुकटची लिनक्स मिंट टाका. माझ्या सासऱ्यांना टाकून दिलं. दोन दिवस कुरकुरले, आता विसरलेत.

मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जुन्या मशीनवर जुगाडानं विंडोज ११ चढवून देणारे आहेत. चढते, चालतेही. पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण हा सगळा खटाटोप अपडेटसाठीच करतोय.

घरमालक आणि भाडेकरू

विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात: ॲडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. नव्या मशीनवर पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असतं आणि आपण आयुष्यभर तेच वापरतो. म्हणजे आपण जे क्लिक करू त्याला घरमालकाचे हक्क. आत येणारा व्हायरसही मग घरमालक होतो, भिंती पाडू शकतो.

सेटिंग्ज, 'अकाउंट्स', 'अदर युजर्स'. तिथे नवीन खातं काढा, त्याला 'घरमालक' नाव द्या, चांगला पासवर्ड घाला आणि त्याचा प्रकार ॲडमिनिस्ट्रेटर करा. मग त्या खात्यातून लॉगिन करून तुमच्या रोजच्या खात्याचा प्रकार स्टँडर्ड करा. क्रम उलटा करू नका, नाहीतर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल. आता काहीही नवीन बसवताना मशीन घरमालकाचा पासवर्ड मागेल. हा पासवर्ड घरात एकालाच माहीत असावा. तुम्ही काही बसवत नसताना पासवर्डाची चौकट उगवली, तर काहीतरी गडबड आहे, रद्द करा. काकांच्या मशीनवर हा पासवर्ड काकूंकडे आहे. या एका बदलानं माझे निम्मे फेरे वाचले.

आता अँटिव्हायरस

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीच असतो, फुकट असतो आणि घरच्या वापराला पुरतो. माझं हे मत ऐकून दुकानदार मित्र रागावतात, पण ठाम आहे. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंग्जमध्ये रिअल-टाइम, क्लाउड आणि टँपर प्रोटेक्शन ही तिन्ही बटणं चालू हवीत. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' आहे, तेही चालू करा. व्हायरस नसलेली पण जाहिरातींचा चिखल करणारी सॉफ्टवेअर ते अडवतं.

पैसे देऊन अँटिव्हायरस घ्यायचाच असेल तर घ्या, पुण्याच्या कंपन्यांचेही चांगले आहेत, पण एकच. दोन ठेवले तर ते एकमेकांवरच भुंकत बसतात आणि मशीन रडतखडत चालतं. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला ट्रायल. तो काम करत नाही आणि डिफेंडरला मोकळेपणानं करू देत नाही. काढून टाका, डिफेंडर आपोआप जागा होतो.

मशीन संशयास्पद वागत असेल तर 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे. मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज चढायच्या आतच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलाही हाती लागतो. पंधरा-वीस मिनिटं जातात. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 'सायबर स्वच्छता केंद्र' या साइटवर साफसफाईची साधनं फुकट मिळतात, तीही एकदा चालवून बघायला हरकत नाही.

ब्राउझरची झाडलोट

माझ्याकडे येणाऱ्या 'व्हायरस आला' या तक्रारींमधल्या निम्म्या तरी व्हायरस नसतात, नोटिफिकेशन असतात. एखाद्या साइटवर 'अलाउ दाबा म्हणजे तुम्ही रोबोट नाही हे कळेल' असं येतं. आपण दाबतो. त्या क्षणापासून ती साइट उजव्या कोपऱ्यात वाटेल तेव्हा चौकटी पाठवू शकते: 'तुमचा अँटिव्हायरस संपला', '१४ व्हायरस सापडले'. कितीही स्कॅन केलं तरी काही सापडत नाही, कारण सापडण्यासारखं काही नसतंच. परवानगी तुम्हीच दिलेली असते.

क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'. परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसेल. काकांकडे अशा एकतीस होत्या. फुकट मराठी नाटकं बघायच्या नादात गोळा झालेल्या. सगळ्या काढल्या आणि वर 'साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' हा पर्याय निवडला. तुम्हीही सरसकट तोच निवडा, कुणाचं काही अडत नाही. मग एक्स्टेन्शन्सची, म्हणजे क्रोमला वरून जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरची, यादी उघडा. जे कधी टाकलं ते आठवत नाही, ते उडवा. कूपन शोधणारे आणि पीडीएफ बदलून देणारे तर नक्कीच.

एक नवा प्रकार मात्र खरोखर घातक आहे. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी ओळखीची चौकट येते, पण चित्रं निवडण्याऐवजी ती सांगते: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. त्या पानानं तुमच्या नकळत क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे, एक आज्ञा ठेवलेली असते, आणि या तीन पायऱ्यांत ती तुमच्याच हातानं तुमच्या मशीनवर चालते. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड उपसून नेणारी सॉफ्टवेअर अशी शिरतात. कुठलीही खरी साइट तुम्हाला विंडोज आणि आर दाबायला सांगणार नाही.

फुकटचं फार महाग पडतं

क्रॅक केलेलं फोटोशॉप, ॲक्टिव्हेटर लावलेलं ऑफिस, पंधराशे रुपयांत 'फुल्ल लोड' करून दिलेली विंडोज. आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की त्यात काही गैर आहे हेच विसरायला होतं. क्रॅकसोबतच्या सूचनांत पहिली ओळ बहुतेक अशी असते: 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' चोर म्हणतोय कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण बांधतो. लिब्रेऑफिस फुकट आहे, त्यात मराठी उत्तम चालतं. त्याचा वापर करा.

मराठी माणसाचा खास सापळा म्हणजे फॉन्ट आणि टायपिंगची सॉफ्टवेअर. 'फ्री मराठी टायपिंग डाउनलोड' शोधलं की जी पानं येतात त्यांवर पाच-पाच हिरवी डाउनलोड बटणं असतात, त्यातली चार जाहिरातींची. गूगलनं विंडोजवरचं आपलं टायपिंग साधन कधीच बंद केलं, तरी त्याच्या नावाच्या फाइली अजून फिरतायत. त्यांची गरजच नाही. सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज अँड रीजन' मध्ये मराठी जोडा आणि कीबोर्ड 'मराठी फोनेटिक' निवडा. रोमनमध्ये लिहाल तसं देवनागरीत उमटतं. २०१९ पासून हे विंडोजच्या पोटातच आहे.

आलेल्या फाइलीबद्दल: एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो' आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. विंडोज फाइलीचं शेपूट लपवते, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल नुसती 'बिल डॉट पीडीएफ' दिसते. शेपटी दिसायला लागली की ओळख पटते. फोनवर हाच प्रकार एपीके फाइलीचा. व्हॉट्सॲपवर येणारी लग्नपत्रिका, गाडीचं चलान, गॅसचं बिल यांपैकी काहीही एपीके नसतं. ते ॲप असतं, आणि बसल्यावर तुमचे ओटीपी वाचतं. पत्रिका पाठवणारा तुमचा सख्खा मावसभाऊ असला तरी आधी त्याला फोन करा. त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असेल.

झेरॉक्सवाल्याचा पेन ड्राइव्ह

आपण प्रिंट काढायला कोपऱ्यावर जातो. त्या दुकानातल्या एका मशीनला दिवसभरात पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह लागतात. तिथून परत येताना प्रिंटसोबत शॉर्टकट व्हायरस येतो. पेन ड्राइव्ह उघडला की फाइली गायब आणि जागी एकच शॉर्टकट. त्यावर डबल-क्लिक केलं की व्हायरस तुमच्या घरी.

क्लिक करू नका. पेन ड्राइव्हच्या नावावर उजवं क्लिक करून डिफेंडरनं स्कॅन करा. फाइली पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. 'व्ह्यू', 'शो', 'हिडन आयटम्स' चालू करा. तरी दिसल्या नाहीत तर 'ऑप्शन्स'मधल्या 'व्ह्यू' टॅबवर 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. बऱ्याचदा सगळा माल बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सापडतो. तुमच्या ओळखीचे फोटो आणि कागद तेवढे उचला, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली खूण परत लावा. आणि बाहेर न्यायला एक वेगळा, रिकामा पेन ड्राइव्ह ठेवा, चपलेसारखा. घरातला घरात, बाहेरचा बाहेर.

हल्ली झेरॉक्सवाले म्हणतात, व्हॉट्सॲप करा. सोयीचं आहे, पण तुमचं आधार त्याच्या फोनवर राहतं. यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो. पाठवणाऱ्याचं नाव व्हॉट्सॲपवर दिसतंच आणि जन्मसाल फेसबुकवर.

पासवर्ड, राउटर, बॅकअप

सगळ्यात आधी मेलचा पासवर्ड. बँक, फेसबुक, विजेचं खातं, सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलो' मेलवरच येतात. ज्याच्या हातात मेल, त्याच्या हातात घर. चार असंबद्ध मराठी शब्द रोमनमध्ये जोडा: कढीपत्ता, स्टूल, कर्जत, बावीस. लांब होतो, लक्षात राहतो. (हाच वापरू नका, आता तो फुटलाय.) मग गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि तिथले बॅकअप कोड छापून कपाटात ठेवा. फोन हरवला की त्यांची किंमत कळते.

बाकीच्या पासवर्डांसाठी बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं सॉफ्टवेअर, उत्तम. आईवडिलांना तो जमत नसेल तर डायरीत लिहू द्या. पासवर्ड लिहू नये असं आपल्याला शिकवलंय, पण परदेशात बसलेल्या चोराला तुमच्या गोदरेजच्या कपाटातली डायरी वाचता येत नाही. ब्राउझरमधला साठा मात्र उपसता येतो. म्हणून बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये कधीही साठवू नका.

राउटर केबलवाल्यानं बसवला असेल तर त्याचा ॲडमिन पासवर्ड बहुधा 'ॲडमिन'च असेल आणि वायफायचा तुमचा मोबाइल नंबर. दोन्ही बदला, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय, बटण किंवा पिननं जोडायची सोय) बंद करा. दहा मिनिटांचं काम.

बॅकअप एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. महिन्यातून एकदा लावायची, फोटो आणि कागदपत्रं चढवायची, काढून ठेवायची. काढून ठेवणं महत्त्वाचं. लावून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस मशीनसोबतच कुलूपबंद करतो.

फोन वाजतो तेव्हा

इथवरचं सगळं मशीनचं. पण पैसे जातात ते जास्त करून फोनवरच्या बोलण्यातून.

माझी गोष्ट सांगतो. संध्याकाळी सातची वेळ, कुर्ल्याला गाडीत चौथ्या सीटवर अर्धा टेकलेलो. मेसेज आला, पार्सलचा पत्ता अपुरा, पाच रुपये भरून दुरुस्त करा. मी खरोखरच एका पार्सलची वाट बघत होतो. लिंक उघडली, कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडेही टाकले. घाटकोपरला गर्दीचा लोंढा आला, फोन हातातून निसटता निसटता वाचला, आणि तेवढ्या वेळात डोकं ठिकाणावर आलं. विक्रोळी यायच्या आत बँकेच्या ॲपवरून कार्ड बंद केलं. तेरा वर्षं लोकांना शिकवणारा मी. तेव्हापासून एक नियम केलाय: प्रवासात पैशाची कुठलीही लिंक उघडायची नाही. घरी जाऊन, बसून, पाणी पिऊन.

पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. जुना सोफा विकताना 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा' म्हणणारा गिऱ्हाईक सोफा घ्यायला येणार नसतो. 'आज रात्री साडेनऊला वीज कापणार' हा मेसेज एखाद्या खासगी मोबाइल नंबरवर फोन करायला सांगत असेल तर खोटा. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेत. तो कार्डाच्या मागे, बिलावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये बघा. बँकेची साइट उघडताना पत्ता नीट वाचा. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, आणि हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विक असिस्ट ही दुरून मशीन चालवायची सॉफ्टवेअर वाईट नाहीत, मी स्वतः भाच्याचा लॅपटॉप त्यांनीच दुरुस्त करतो. पण समोरून फोन करून ती टाकायला सांगणारा माणूस चोरच.

आणि 'डिजिटल अरेस्ट'. यात विशेष म्हणजे देशभरातले भामटे बऱ्याचदा 'मुंबई क्राइम ब्रँच' म्हणून फोन करतात. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, तुमचं आधार मनी लाँडरिंगमध्ये आलंय. मग व्हिडिओ कॉल, खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ. 'कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही.' माणूस दोन-दोन दिवस खोलीत बसून राहतो आणि मुदत ठेवी मोडून 'तपासणीसाठी' पैसे पाठवतो. डिजिटल अरेस्ट असा प्रकार भारताच्या कुठल्याच कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, आणि पैसे 'सुरक्षित सरकारी खात्यात' ठेवायला सांगत नाहीत.

काही जण म्हणतात, त्यांच्याशी मराठीत बोला, लगेच फोन ठेवतात. ठेवतात खरे, पण त्यावर विसंबू नका, आता चांगलं मराठी बोलणारेही त्यांच्यात आहेत. त्यापेक्षा घरात एक करार करा: फोनवरचा माणूस 'कुणाला सांगू नका' म्हणाला की फोन ठेवायचा आणि घरातल्या दुसऱ्याला हाक मारायची. रागावणार नाही, असं घरातल्यांनीही आधीच कबूल करायचं. वडीलधारी माणसं चोरापेक्षा मुलांच्या बोलण्याला जास्त भितात आणि म्हणून गप्प राहतात, हे मी दोन घरांत पाहिलंय.

असे फोन आले पण पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू' विभागात त्या नंबरची खबर द्या.

पैसे गेलेच तर

क्रम महत्त्वाचा आहे. कुणी रिमोटनं मशीनमध्ये शिरलं असेल तर आधी राउटरचं बटण बंद करा. इंटरनेट तुटलं की त्याचा हातही तुटला. मशीन पुसत बसू नका, ते उद्या.

मग दुसऱ्या फोनवरून १९३० लावा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. लागत नसेल तर लावत राहा आणि घरातल्या दुसऱ्याला सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर बसवा. हाताशी ठेवा: तुमचा खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ, ज्याला पैसे गेले त्याचा यूपीआय आयडी किंवा खातं. चोर पैसे भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून एकापुढे एक असे उडवत नेतो. १९३० वरून पुढच्या बँकांना निरोप जातो आणि पैसे ज्या खात्यात पोचले असतील तिथेच अडवून ठेवता येतात. म्हणून पहिला तास दुसऱ्या दिवसापेक्षा मोलाचा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

लगेच बँकेला फोन: कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय बंद. आणि लेखी तक्रार मेलनं, म्हणजे तारीख-वेळ नोंदली जाते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुठल्या यंत्रणेत गळती झाली, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवल्यास तुमच्यावर भुर्दंड शून्य. चार ते सात दिवसांत मर्यादित. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजून गप्प बसलेला प्रत्येक तास तुमच्याच खिशातून जातो. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही.

मेसेज, चॅट, कॉलची यादी यातलं काही पुसू नका. रागानं नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. मुंबईत पाच प्रादेशिक सायबर पोलिस ठाणी आहेत, पण तक्रार जवळच्या कुठल्याही ठाण्यात देता येते.

हे झाल्यावर, स्वच्छ असलेल्या दुसऱ्या मशीनवरून मेलचा पासवर्ड बदला, 'सगळीकडून लॉगआउट' करा, मग बाकीचे. मग बिघडलेलं मशीन: आधी ऑफलाइन स्कॅन, आणि कुणी रिमोटनं आत येऊन गेलं असेल तर सरळ सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'त जाऊन 'रिसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. बॅकअपची डिस्क त्या दिवसासाठीच होती.

आठ-दहा दिवसांनी एखादा फोन येईल. सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला थोडी फी भरा. तोच चोर किंवा त्याचा भाऊबंद असतो, तुमचं नाव त्याच्या यादीत असतं. काकूंनी आता फोनशेजारी एक चिठ्ठी लावलीय. त्यावर १९३० आहे, आणि खाली त्यांच्या अक्षरात: 'फी मागितली की ठेव.'